बंधाऱ्यावरची पट्टी वाचणारा बातमीदार

ताई, सप्रेम नमस्कार.

वय ४७. कोल्हापुरातल्या एका दैनिकात २२ वर्षं बातमीदार आहे. महापालिका आणि पाणी हे माझं बीट. पूर्वी दिवसभर फिरायचं, संध्याकाळी सातला कॉपी द्यायची, पान लागलं की घरी. आता सकाळी नऊपासून ‘वेबला आधी टाका’ म्हणून फोन सुरू. दिवसाला आठ बातम्या, दोन व्हिडिओ. मीटिंगमध्ये आकडे वाचून दाखवतात. काळम्मावाडी धरणातून शहराला पाणी आणणाऱ्या थेट पाइपलाइनच्या गळतीवर तीन दिवस खपून केलेल्या माझ्या बातमीला चारशे व्ह्यूज, आणि रंकाळ्यावरच्या एका सापाच्या रीलला दीड लाख.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री ग्रुपवर व्हिडिओ आला, राधानगरी धरणाचे सातही दरवाजे उघडल्याचा. दुसरं कुणी आधी टाकेल म्हणून मी पाच मिनिटांत टाकला. व्हिडिओ जुना होता. त्या रात्री दोनच दरवाजे उघडे होते. नदीकाठच्या एका गावात लोकांनी अंधारात जनावरं हलवली. वरून फोन आला, ‘पोस्ट उडवा.’ मी उडवली. ऑफिसात नंतर कुणी काही बोललं नाही. पण त्या गावचा एक ओळखीचा दूधवाला गंगावेशीत भेटला की विचारतो, ‘काय साहेब, आज किती दरवाजे?’

भाचा म्हणतो, मामा, नोकरी सोडा, आपण यूट्यूब चॅनेल काढू. बायको म्हणते, साखर कारखान्यात जनसंपर्काची नोकरी चालून आलीय, ती घ्या. मला वाटतं, आमचं कामच संपलं. काय करू?

– एक बातमीदार, कोल्हापूर

भाऊ,

नोकरी सोडू नका. निदान येता पावसाळा संपेपर्यंत तरी सोडू नका. का ते सांगते, पण त्याआधी त्या उडवलेल्या पोस्टबद्दल बोलू द्या. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या दूधवाल्यापाशी अडले. तो टोमणा मारतो असं तुम्हाला वाटतंय. मला वाटतं, तो अजून उत्तराची वाट बघतोय. त्या रात्री त्यानं तुमची बातमी वाचून म्हशी सोडल्या, पोरंबाळं उठवली, चिखलातून वर रस्त्याला आणली. सकाळी फोन उघडला तर बातमी जागेवर नाही. नेमकं काय झालं होतं, हे तुमच्याकडून त्याला आजवर कळलेलं नाही.

मी डेस्कवर ३१ वर्षं काढली. सुरुवातीला खिळे जुळवणारे कंपोझिटर होते, मग ब्रोमाइडचे फोटोकागद कापून पानं चिकटवायचो, मग संगणकावर पान लावायचं डीटीपी आलं. यातल्या प्रत्येक बदलात एक गोष्ट तशीच राहिली. छापलेली चूक दुसऱ्या दिवशीही कागदावर असायची. माणूस अंक घेऊन ऑफिसात यायचा, टेबलावर पसरून बोट ठेवायचा. आम्ही खुलासा छापायचो. आतल्या पानात, बारीक टायपात, कधी कुरकुरत, पण छापायचो. आता चूक पुसता येते, आणि नव्या माध्यमातली ही मला सगळ्यात घातक वाटणारी सोय आहे. पोस्ट तुमच्याकडून गेली, लोकांच्या फोनमधून गेली नाही. तिचे स्क्रीनशॉट गावाच्या ग्रुपवर अजून असतील. आणि समजा, येत्या ऑगस्टमध्ये खरोखरच सातही दरवाजे उघडले आणि तुम्ही ती बातमी दिलीत, तर तो माणूस त्या रात्री म्हशी हलवेल का?

म्हणून पहिलं काम ती दुरुस्ती लिहिण्याचं. उशीर झाला आहे, तरी लिहा. मसुदा शेवटी देते.

आता थोडं त्या बातमीबद्दल. तुम्हाला हे पाठ आहे, पण सदर इतरही वाचतात. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठराविक पातळीवर गेलं की ते आपोआप उघडतात, उतरलं की आपोआप मिटतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी भोगावतीत पडतं आणि पुढं पंचगंगेला येतं. म्हणजे दोन दरवाजे २८५६ क्युसेक आणि सात दरवाजे ९९९६. ‘दरवाजे उघडले’ एवढ्या दोन शब्दांत हा सगळा फरक दडून जातो. त्यातून दरवाजे रात्रीत उघडतात आणि मिटतातही, त्यामुळं रात्री साडेदहाला खरी असलेली बातमी पहाटे चारला खरी नसते. आपल्याकडं प्रत्येक घरात विचारतात, ‘राजाराम बंधाऱ्याला किती झालं?’ म्हणजे पंचगंगेवरच्या या बंधाऱ्याच्या पट्टीवर पाणी किती फुटांवर आलं. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत ती पातळी ५५ फुटांच्या वर गेली, हायवे दिवसच्या दिवस बंद पडला आणि लोक बातमीपेक्षा त्या पट्टीवरच्या आकड्यावर जगले.

या कामाला छापील अंक कधीच पुरा पडला नाही, हे आपण मान्य केलं पाहिजे. रात्री बाराला पान सोडायचं, सकाळी सहाला अंक दारात, आणि मधल्या सहा तासांत पाणी दोन फूट चढलेलं. वाचक शिळा आकडा वाचायचा आणि आम्हाला त्याचं वाईट वाटायचं. आज तुमच्या हातात दर तासाला आकडा द्यायचं साधन आहे. मी डेस्कवर असताना हे मिळालं असतं तर मी त्यासाठी काहीही दिलं असतं. त्यामुळं ‘वेबला आधी टाका’ हा फोन आला की तुमचं मन उडतं, ते मला समजतं, पण मागणीच चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. पूर, पाणीकपात, बंद रस्ता, रक्ताची गरज या बातम्या आधी वेबलाच गेल्या पाहिजेत. फक्त त्यांच्यासोबत चार गोष्टी गेल्या पाहिजेत: किती, किती वाजता, कुणी सांगितलं, आणि पुढची माहिती केव्हा देणार. ‘रात्री १०.४० वाजता दोन दरवाजे उघडे, धरणावरच्या ड्युटीवरच्या माणसाशी फोनवर बोलून, पुढची नोंद १२ वाजता.’ अशी एक ओळ टाकणाऱ्याला मागं टाकणं कुठल्याही ग्रुपला जमत नाही.

घाईमुळं चूक झाली असं तुम्ही लिहिलंय. मी त्याच्याशी पूर्ण सहमत नाही, आणि त्याचा पुरावा आपल्याच गावाचा आहे. १८८२ चं कोल्हापूर प्रकरण आठवा. चौथे शिवाजी महाराज वेडे ठरवले गेले होते, त्यांचा छळ होतोय अशी सगळीकडं चर्चा होती, दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर रोष होता. बर्वे यांच्या नावची काही पत्रं ‘केसरी’ आणि ‘मराठा’च्या हाती आली आणि छापली गेली. बर्वेंनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रं बनावट निघाली. टिळक आणि आगरकर दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली, १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. आता बघा, ‘केसरी’ साप्ताहिक होतं. पाच मिनिटांची घाई नव्हती, व्ह्यूज नव्हते, शेजारी दुसरं पोर्टल नव्हतं, आणि संपादक तर त्या काळातले सर्वांत तल्लख. तरी फसले, कारण पत्रांत तेच होतं जे त्यांना आधीच खरं वाटत होतं. त्या महाराजांचा १८८३ मध्ये अहमदनगरला नजरकैदेत मृत्यू झाला. चिंता खरी होती, कागद खोटे होते.

तुमच्या व्हिडिओचंही तेच झालं असणार. दिवसभर पाऊस कोसळत होता, धरण भरलेलं होतं, तुम्हाला रात्री काहीतरी होणार असं वाटतच होतं. व्हिडिओ आला आणि मनातल्या बातमीला चित्र मिळालं. म्हणून मी तुम्हाला ‘सावकाश चला’ असं सांगणार नाही. पुराच्या रात्री सावकाश चालून भागत नाही. मी एवढंच सांगते, जे वाचताक्षणी ‘अगदी असंच होणार होतं’ वाटेल, तिथं थांबून एक फोन करा. नको असलेली बातमी आपण तपासतोच. हवी असलेली तपासायची सवय मुद्दाम लावावी लागते, मला ती लावायला डेस्कवर दहाएक वर्षं गेली.

तपासायचं कसं, हे भाच्याला तुमच्यापेक्षा जास्त येत असेल, त्याच्याकडून शिका. व्हिडिओतली एक फ्रेम काढून इमेज सर्चला टाकायची, जुना असेल तर बहुतेक वेळा मागचं कुठलंतरी रूप सापडतं. व्हॉट्सॲपवर मेसेजच्या वर दुहेरी बाण असेल तर तो बऱ्याच हातांतून फिरून आलाय. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतून तो कधी, कुठं काढला याची नोंद निघून गेलेली असते, म्हणून पाठवणाऱ्याकडं मूळ फाइल मागायची आणि एक साधा प्रश्न विचारायचा: ‘हे तू स्वतः काढलंस का?’ दहापैकी बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘नाही, मला आलंय.’ मग ती बातमी नाही, वावडी आहे. हे झालं तंत्र. पण त्या रात्री खरं तर तंत्राचीही गरज नव्हती. २२ वर्षं पाण्याचं बीट सांभाळलेल्या माणसाच्या डायरीत धरणावरच्या माणसाचा नंबर असतो. पाटबंधारेचा असतो, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा असतो. मध्यरात्री फोन केला तर ते उचलतात, कारण ते तुम्हाला ओळखतात. बूम घेऊन फिरणाऱ्या नव्या पोराचा फोन ते उचलणार नाहीत. तुमचं काम संपलं असं तुम्ही लिहिता, आणि ज्याच्या जोरावर ते काम चालतं ती डायरी तुमच्या शबनममध्ये पडून आहे.

आता सापाच्या रीलबद्दल.

ते दीड लाख लोक कुठले आहेत, हे तुमच्या ऑफिसात कुणी विचारलंय का? साप कुठल्याही गावचा चालतो. तो रील बघणाऱ्याला रंकाळा कुठं आहे हेही माहीत नसेल. आणि आकड्यांचा इतिहास मीटिंगमध्ये सांगण्यासारखा आहे. २०१६ मध्ये फेसबुकनं कबूल केलं की व्हिडिओ लोक सरासरी किती वेळ बघतात याचा त्यांनी दिलेला आकडा फुगलेला होता. तीन सेकंदांच्या आत निघून गेलेले लोक त्यांनी सरासरीत धरलेच नव्हते. तोपर्यंत परदेशात कित्येक ठिकाणी लेखणीवाली माणसं कमी करून कॅमेरावाली वाढवली गेली होती. २०१८ च्या सुरुवातीला त्याच फेसबुकनं लोकांना बातम्या कमी आणि मित्रांच्या पोस्ट जास्त दाखवायचं ठरवलं, आणि त्यांच्या भरवशावर बसलेल्यांचे वाचक रातोरात आटले. आज यूट्यूब, उद्या आणखी कुणी. भाड्याच्या गाळ्यात दुकान टाकायला हरकत नाही, पण गाळेवाला कुलूप कधीही बदलू शकतो हे धरून चालायचं.

तुमच्या चारशेंबद्दल मला वेगळं वाटतं. त्या चारशेंत पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर असतील, एखादा नगरसेवक असेल, बरेचसे ज्यांच्या नळाला त्या आठवड्यात पाणी नव्हतं असे लोक असतील. तरीही, बातमी फक्त चारशे जणांपर्यंत पोचली यात तुमचा काहीच दोष नाही असं मी म्हणणार नाही. तुम्ही पानासाठी लिहिलेलीच कॉपी वेबला चिकटवली असणार. मथळा काय होता? मी अंदाज करते: ‘शहराची तहान पुन्हा अधांतरी’ किंवा ‘गळतीला ठिगळ, नागरिकांच्या नशिबी टँकर’. मीही असे मथळे दिलेत आणि दिल्यावर खूश होऊन चहा मागवलाय. कोल्हापूर आवृत्तीच्या दुसऱ्या पानावर ‘शहर’ म्हणजे कुठलं हे सांगावं लागत नाही. फोनवर ते सांगावं लागतं. नळाला पाणी आलं नाही की माणूस गुगलवर ‘कोल्हापूर पाणी कधी येणार’ असं टाकतो. तुमच्या मथळ्यात कोल्हापूर नाही, पाणी नाही, वार नाही, वॉर्ड नाही. ‘कोल्हापूर: ए, बी वॉर्डात शनिवारपर्यंत पाणी नाही, थेट पाइपलाइनला पुन्हा गळती’ असा मथळा कोरडा वाटेल, पण ज्याला हवा त्याला सापडेल. पानावरचा मथळा पानावर ठेवा, तो मला अजून आवडतो. ‘आज’, ‘काल’, ‘उद्या’ हे शब्दही वेबच्या कॉपीतून काढून तारीख घाला. तुमची बातमी कुणीतरी सहा महिन्यांनी वाचणार आहे आणि ‘उद्या पाणी येणार’ वाचून बादल्या लावणार आहे.

मुख्य गोष्ट पुढं आहे. थेट पाइपलाइनवर तुम्ही आजवर किती बातम्या केल्या असतील? काळम्मावाडीहून २०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर पाणी आलं, त्याच्या आधीच्या कामाच्या मुदती, वाढत गेलेला खर्च, नंतरच्या गळत्या आणि पंपांचे बिघाड, हे सगळं शंभरेक तुकड्यांत पसरलेलं असेल. प्रत्येक तुकडा त्या-त्या दिवशी रद्दीत गेला. पेपरचा स्वभावच तो, रोज कोरं पान. ऑनलाइनला कोरं पान भरायची सक्ती नाही. या योजनेचं एकच कायमचं पान करा. वर सध्याची स्थिती, आणि खाली तारखेवार नोंदी: कुठं फुटली, किती वॉर्ड कोरडे पडले, किती तासांत दुरुस्त झाली, दुरुस्तीला किती खर्च आला. खर्च सांगत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपये आणि तीस दिवस लागतात, आणि उत्तर नाही आलं तर ‘अमुक तारखेला अर्ज दिला, उत्तर नाही’ हीसुद्धा एक नोंदच. पुढच्या गळतीला नवी बातमी नव्यानं लिहायची नाही. नोंद वाढवायची आणि त्या पानाकडं बोट दाखवायचं. वर्षभरात ते पान असं होईल की महापालिकेचा अधिकारीही मागच्या गळतीची तारीख बघायला तिथंच येईल. नदीच्या पाणीपातळीचं असंच दुसरं पान होईल. पंचगंगेच्या प्रदूषणाचं तिसरं. घाई करू नका, एकापासून सुरुवात करा. भाच्याला रील करायची असेल तर त्या नोंदींतूनच करू दे: ‘या वर्षातली ही कितवी गळती?’ याचं उत्तर तीस सेकंदांत द्यायला त्यालाही मजा येईल.

यात एक चिकट अडचण येणार आहे. तुमच्या जुन्या बातम्या श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये असतील. त्या तशाच वेबला टाकल्या तर अक्षरांचं भेंडोळं होतं आणि शोधणाऱ्याला त्यातला एक शब्दही सापडत नाही. कन्व्हर्टरमधून युनिकोडला आणा आणि आणल्यावर स्वतः वाचा, रफार आणि जोडाक्षरं हमखास जागा सोडतात. ‘दुरुस्ती’ची ‘दुरूस्ती’ होते ते चालवून घेता येईल, पण आडनावं आणि आकडे बघाच. रोज अर्धा तास दिलात तर पावसाळ्यापर्यंत पाच वर्षांचं कात्रण उभं राहील. हे काम ऑफिसात कुणी सांगणार नाही, आणि कदाचित त्याचं कौतुकही होणार नाही. तरी करा.

एआयबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण डेस्कवर आलं असेलच. सभेच्या दोन तासांच्या रेकॉर्डिंगचा मजकूर काढायला वापरा, नावं कानानं पडताळा. प्रेसनोट टाकून बातमी काढून घेऊ नका. प्रेसनोटमध्ये जे लिहिलेलं नसतं ते शोधायला तुम्हाला पगार मिळतो.

भाच्याच्या चॅनेलची गोष्ट. तो पोरगा उत्साहानं म्हणतोय आणि त्याच्या म्हणण्यात दम आहे. उत्तर प्रदेशात चित्रकूटला २००२ मध्ये काही बायांनी ‘खबर लहरिया’ नावाचं छोटं वर्तमानपत्र काढलं. त्यातल्या बऱ्याच दलित, खेड्यातल्या, तिथल्या बोलीत लिहिणाऱ्या. पुढं छापणं थांबवून त्या मोबाईलवर व्हिडिओ करू लागल्या आणि आज देशभर त्यांचं नाव आहे. पण त्यांनी जागेवर जाऊन विचारण्याचं काम सोडलं नाही. हातपंप बंद आहे तर हातपंपापाशी उभ्या राहिल्या. माध्यम बदललं, रस्ता तोच. म्हणून भाच्याला सांगा, वर्षभर माझ्यासोबत बंधाऱ्यावर, वॉर्ड ऑफिसात, पंपिंग स्टेशनवर चल, मग चॅनेलचं बघू. तेवढ्यात तो तुम्हाला व्हिडिओ कापायला शिकवेल.

आणि चॅनेल म्हणजे नुसता माईक आणि गाडीवर ‘प्रेस’ची पट्टी नव्हे, हे दोघांनी आधी नीट समजून घ्या. २०२३ चा नियतकालिकांच्या नोंदणीचा कायदा छापील अंकांचा आहे, त्यातून यूट्यूब चॅनेलला नोंदणी मिळत नाही. ऑनलाइन बातम्या देणाऱ्यांना २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत: तक्रार ऐकणारा माणूस नेमायचा, त्याचं नाव जाहीर करायचं, तक्रारीवर पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा. अत्याचार झालेल्या बाईची किंवा लेकराची ओळख कळेल असं काहीही दाखवणं गुन्हा आहे, मग ते घर असो, शाळा असो की आईचा चेहरा. गल्लीबोळातले चॅनेल हे रोज करतात आणि माझ्या जिवाचा संताप होतो. भाच्याच्या हातून असं एकदा जरी झालं तरी ते तुमच्या नावावर लागेल.

राहता राहिला पैसा, आणि वहिनींचं म्हणणं. त्या चुकत नाहीत. २२ वर्षं करून हातात काय येतं हे मला माहीत आहे. त्यात आता बातमीदारालाच वाढदिवसाच्या जाहिराती आणायला सांगतात, आणि ज्याची जाहिरात आणली त्याच्याविरुद्ध पुढच्या महिन्यात बातमी लिहायची वेळ येते. यातून सुटायला माणूस कारखान्याकडं बघत असेल तर मी त्याला नावं ठेवणार नाही. जनसंपर्क हे प्रामाणिक काम आहे. एवढीच विनंती, दोन्ही एकदम करू नका. सकाळी कारखान्याचं पत्रक आणि संध्याकाळी त्याच नदीत जाणाऱ्या सांडपाण्याची बातमी, हे एका हातानं होत नाही. ती नोकरी घेतलीत तर बीट त्याच दिवशी सोडा आणि डायरी ऑफिसातल्या एखाद्या तरुण मुलीला द्या.

अंकाच्या किमतीवर वर्तमानपत्र कधीच चाललं नाही. ३१ जानेवारी १९२० ला डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ काढलं, त्याला आपल्या शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. अंक निघाला तो त्या मदतीवर. म्हणजे पैसा देणारा कुणीतरी लागतो, तेव्हाही लागत होता. त्यानं बदल्यात काय मागितलं, एवढंच बघायचं. आज जगभर काही वर्तमानपत्रं वाचकांकडून ऑनलाइन वर्गणी घेऊन उभी राहिली आहेत. कोल्हापुरात ते कसं होईल हे तुमच्या मालकांनी ठरवायचं आहे, तुम्ही नाही. पण उद्या कुणी वर्गणी मागायला गेलाच, तर सापाच्या रीलसाठी कुणी पैसे मोजणार नाही. नळाला पाणी कधी येणार हे खरं सांगणाऱ्याला पेठेतली माणसं वर्षाला चार पैसे देतील, असा माझा विश्वास आहे. ऑफिसात या भाषेत बोलून बघा. आठ बातम्यांऐवजी पाच, आणि उरलेल्या वेळात ते एक पान. तीन महिन्यांची मुदत मागा. संपादक नाही म्हणाले तर मला पुन्हा लिहा, तेव्हा कारखान्याच्या नोकरीचा विचार आपण नव्यानं करू. मी येत्या पावसाळ्यापर्यंत थांबा म्हटलं ते यासाठीच. नदीला पाणी चढलं की तुमच्या डायरीची किंमत ऑफिसलाही कळेल आणि तुम्हालाही.

आता दुरुस्ती. आधी संपादकांना दाखवा, मग जिथं ती पोस्ट टाकली होती तिथंच टाका. नंतर तो दूधवाला गंगावेशीत भेटेल तेव्हा फोन काढून त्याला स्वतः वाचून दाखवा. तो काय म्हणाला ते मला कळवा.

‘दुरुस्ती: गेल्या पावसाळ्यात आम्ही राधानगरी धरणाचे सातही स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी व्हिडिओसह दिली होती. ती चुकीची होती. व्हिडिओ जुना होता आणि त्या रात्री दोन दरवाजे उघडे होते. धरणावर फोन करून खात्री न करता आम्ही ती दिली आणि नंतर कारण न सांगता काढून टाकली. या बातमीमुळं नदीकाठच्या ज्यांना रात्री घरं सोडून जनावरं हलवावी लागली, त्यांची आम्ही माफी मागतो. यापुढं दरवाजे आणि पाणीपातळीच्या प्रत्येक बातमीत वेळ आणि माहिती देणारं कार्यालय लिहिलेलं असेल.’

खाली तुमचं नाव घाला.

तुमची ताई

मंगळवार पेठ, कोल्हापूर